वाचकांचे प्रश्न : इलेक्ट्रिक गिटारला कोणत्या जाडीच्या तारा लावाव्यात?

प्रश्न : मी नागपूरला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. आतापर्यंत अकूस्टिक गिटार वाजवत होतो. नुकतीच स्ट्रॅटोकास्टर पद्धतीची, ट्रेमोलो (दांडीने ब्रिज, म्हणजे तारा टेकतात तो भाग, हलवून स्वर खाली-वर करण्याची सोय) असलेली इलेक्ट्रिक गिटार घेतली. तिच्यावर ९ ते ४२ चा सेट होता. सीताबर्डीतील एका दुकानदाराने, जाड तारांशिवाय आवाजाला वजन येत नाही, असे सांगितल्यामुळे ११ चा सेट चढवला. आता तार बेंड करताना, म्हणजे आडवी ओढून स्वर चढवताना, बोटे सोलवटतात, स्वर पुरता चढत नाही आणि ब्रिजही मागून वर उचलला गेला आहे. मी कोणता सेट घ्यावा?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : सेटवरचा पहिला आकडा हा पहिल्या, म्हणजे सर्वांत बारीक तारेच्या जाडीचा असतो आणि तो इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात; ९ म्हणजे ०.००९ इंच. दुसरा आकडा सर्वांत जाड तारेचा. ९ आणि ११ यांत फरक दोनचाच दिसत असला, तरी त्याच स्वराला लावलेल्या साध्या (वेढे नसलेल्या) तारेचा ताण तिच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तुमच्या गिटारची स्केल लेंथ, म्हणजे मानेच्या टोकाच्या नटपासून ब्रिजपर्यंत कंप पावणाऱ्या तारेची लांबी, या पद्धतीच्या गिटारप्रमाणे २५.५ इंच असेल, तर पहिल्या तारेवर ९ च्या सेटमध्ये सुमारे ६ किलो आणि ११ च्या सेटमध्ये जवळजवळ ९ किलो ताण येतो. दीडपट ताण ओढायचा म्हटल्यावर बोटे सोलवटली, यात तुमच्या रियाझाचा काही दोष नाही.

हाच हिशेब ब्रिजलाही लागू आहे. ट्रेमोलोचा ब्रिज एका बाजूने तारा आणि दुसऱ्या बाजूने गिटारच्या पाठीतील स्प्रिंगा यांच्या ओढाताणीत तोललेला असतो. तारांचा ताण वाढला की तो पुढे झुकतो आणि मागून उचलला जातो. पाठीमागचे झाकण काढून स्प्रिंगांची पट्टी धरणारे दोन स्क्रू थोडेथोडे आवळले, किंवा एखादी स्प्रिंग वाढवली, तर तो जागेवर येतो. जाडी बदलल्यावर मान किंचित वाकते म्हणून ट्रस रॉडही, म्हणजे मानेचा वाक सांभाळणारी आतली सळई, पाहावा लागतो, आणि बाराव्या फ्रेटवरचा स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकात येतो की नाही, हेही तपासावे लागते. हे सर्व न करता नुसता सेट बदलून गिटारला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

दुकानदाराच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. जाड तारेमुळे पिकअपच्या (तारेची कंपने टिपणाऱ्या चुंबकाच्या) चुंबकीय क्षेत्रात अधिक पोलाद हलते, त्यामुळे आवाज काहीसा भरदार येतो आणि जोरात स्ट्रोक मारला तरी तार ढिली पडत नाही. पण पिकअपची उंची आणि अँपचे बटण फिरवून यापेक्षा मोठा फरक पाडता येतो. अमेरिकन रॉक गिटारवादक बिली गिबन्स ७ च्या तारांवर जाडजूड आवाज काढतात आणि त्यांना हलक्या तारांचा सल्ला खुद्द ब्लूजचे दिग्गज बी. बी. किंग यांनी दिला होता, असे ते सांगत आले आहेत. उलट बाजूने ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉन यांच्या १३ च्या तारांचा दाखला नेहमी दिला जातो. ते गिटार अर्धा स्वर खाली लावत, हे मात्र सांगायचे राहून जाते.

तुम्हाला माझा सल्ला ९ ते ४६ च्या मिश्र सेटचा आहे. त्यात वरच्या स्वरांच्या तीन बारीक तारा ९ च्या सेटमधील असल्याने बेंड सहज होतात आणि खालच्या स्वरांच्या तीन जाड तारा १० च्या सेटमधील असल्याने कॉर्डना भार राहतो. दुसऱ्या कोणाच्या लेस पॉल पद्धतीच्या गिटारवर १० चा सेट मऊ लागला, तर तिची स्केल लेंथ साधारण २४.७५ इंच असते आणि तेवढ्यानेच ताण सुमारे सहा टक्क्यांनी उतरतो, हे ध्यानात ठेवावे.

प्रश्न : आमच्या ऑर्केस्ट्रात गायकाच्या पट्टीसाठी मी गिटार पूर्ण एक स्वर खाली लावतो. त्यामुळे ९ च्या तारा फ्रेटवर खडखडतात. ब्रिज उंच करावा का?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : आधी १० चा सेट लावावा. एक स्वर उतरवल्याने ताण सुमारे २१ टक्क्यांनी कमी होतो आणि ९ वरून १० वर गेल्याने पहिल्या तारेचा ताण सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे हाताला जवळजवळ पूर्वीचाच ताण लागेल. एरवी मूळ स्वरातच वाजवणार असाल आणि खाली उतरवणे क्वचितच होणार असेल, तर सेट बदलू नये.

प्रश्न : जाड तारा अधिक टिकतात का?
— एक वाचिका, महाल

उत्तर : तुटण्याच्या बाबतीत थोड्याफार, गंजण्याच्या बाबतीत नाही. पहिली तार वारंवार ब्रिजपाशीच तुटत असेल, तर तिथल्या सॅडलची, म्हणजे तार टेकते त्या तुकड्याची, धार घासून बोथट करून घ्यावी. मे महिन्यात गिटार कूलरच्या थेट झोतात ठेवू नये आणि वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने खालूनही पुसाव्यात.