'कळांची नाही मॅडम, त्या खोलीची भीती वाटते'

'मला कळा सोसवतील ना?' पहिलटकरणीच्या तोंडी हमखास येणारा हा प्रश्न. यावर आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. 'अगं, सगळ्याच बायका सोसतात' हे एक. दुसरं म्हणजे सांगणारीची स्वतःची कहाणी, तीही अगदी टाक्यांच्या संख्येसकट. पहिल्या उत्तराने मुलगी गप्प बसते, दुसऱ्याने तिची झोप उडते. समुपदेशक म्हणून मी तिला उलटा प्रश्न विचारते, 'कळा सुरू झाल्यात असं डोळ्यांसमोर आण. काय दिसतंय?' कुणाला रक्त दिसतं, कुणाला अडकलेलं बाळ, तर कुणाला सगळ्यांसमोर उघडं पडलेलं आपलं अंग. पुढचं काम त्या उत्तरावर ठरतं, म्हणून ते ऐकून घेतल्याशिवाय धीर देण्याची घाई मी करत नाही.

ही हकिगत मानसीची. तिच्या परवानगीने लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय २९, ऐरोलीत नोकरी, घर घोडबंदर रोडला. आठवा महिना लागला होता तेव्हा नवरा तिला घेऊन आला. बसल्या बसल्या तोच म्हणाला, 'मॅडम, हिला सिझरच करून हवंय. डॉक्टर म्हणतात सगळं छान आहे, गरज नाही. तुम्ही जरा समजवा.'

मी त्याला स्पष्ट सांगितलं की नॉर्मल किंवा सिझर यातलं काहीही मी तिच्या गळी उतरवणार नाही. तो निर्णय ती आणि तिचे डॉक्टर घेतील. सिझर हे पोटाचं मोठं ऑपरेशन आहे. गरज असते तेव्हा ते दोन जीव वाचवतं. गरज नसताना केलं तर सावरायला वेळ लागतो आणि पुढच्या गरोदरपणातही त्याचा विचार करावा लागतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या खासगी रुग्णालयांमधल्या ४७.४ टक्के प्रसूती सिझरने झाल्याची नोंद आहे. त्यात घाबरून 'करून टाका' म्हणणाऱ्या मुली किती असतील, हा प्रश्न मला नेहमी पडतो. घाबरणाऱ्या बाईला आधी कुणीतरी नीट ऐकून घ्यायला हवं. नवऱ्याला मी थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं.

डोहाळजेवणापासून मानसीची झोप गेली होती. ओटी भरता भरता प्रत्येकीने आपलं बाळंतपण ऐकवलं होतं. रात्री तीनला जाग आली की ती मोबाईलवर तेच वाचत बसायची. इतपत मला अपेक्षितच होतं. मग मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. ती बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली आणि म्हणाली, 'हिरवा पडदा.'

मानसी कॉलेजात असताना तिच्या थोरल्या बहिणीची पहिली प्रसूती झाली. त्या रात्री आई आणि मानसी लेबर रूमच्या बाहेर बाकावर बसून होत्या. मानसीच्या मांडीवर चहाचा थर्मास. दाराला हिरवा पडदा. आतून ताईची किंकाळी आली आणि पाठोपाठ एका बाईचा आवाज, 'आता कशाला बोंबलतेस? तेव्हा नाही कळलं का?' मग ताईचा आवाज येणंच बंद झालं. पहाटेपर्यंत बाहेर येऊन कुणी एक अक्षर सांगितलं नाही. ताई जिवंत आहे की नाही, हेही मानसीला कळेना. थर्मास तसाच भरलेला राहिला.

'कळांची नाही मॅडम, त्या खोलीची भीती वाटते. तिथे मी एकटी असणार आणि कुणीतरी माझ्यावर ओरडणार. सिझर केलं तर निदान झोपेत तरी असेन.'

सिझरमध्ये बहुतेक वेळा कमरेखालचाच भाग बधिर करतात, बाई जागीच असते, हे तिला माहीतही नव्हतं. पण ते मी नंतर सांगितलं. आधी हे सांगितलं की, तुझी भीती अनाठायी नाही. कळा देणाऱ्या बाईला टाकून बोलणं ही क्रूरता आहे. आपल्याकडे ती इतकी सर्रास चालते की तिला कुणी क्रूरता म्हणतही नाही आणि बायका त्या जखमा घेऊन वर्षानुवर्षं गप्प राहतात. मला याचा राग येतो आणि तो राग मी मानसीपासून लपवला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या प्रसूतीविषयक शिफारशींमध्ये बाईला सन्मानाने वागवणं, तिच्याशी नीट बोलणं आणि तिच्या पसंतीचं माणूस सोबत असू देणं या गोष्टी अगदी सुरुवातीला येतात. आपल्या केंद्र सरकारनेही २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी एका स्त्री नातेवाइकाला सोबत थांबायला मुभा दिली. लेबर रूम सुधारण्यासाठीचा 'लक्ष्य' कार्यक्रम २०१७ मध्ये आला, त्यातही ही सोबत धरलेली आहे. खासगी ठिकाणी ज्याचे त्याचे नियम. म्हणून हे आधी विचारून घ्यायचं, ऐन कळांत नाही.

मी मानसीला पहिलं काम दिलं ते ताईशी बोलण्याचं. इतक्या वर्षांत दोघी बहिणी त्या रात्रीबद्दल एकदाही बोलल्या नव्हत्या. ताई कळव्याला राहते. मानसी रविवारी तिच्याकडे गेली. परत आली ती एक वेगळीच गोष्ट घेऊन. ताई म्हणाली होती, 'ती बाई बोलली ते लागलंच गं. पण त्याहून वाईट काय होतं सांगू? किती झालंय, अजून किती वेळ आहे, कुणीच सांगत नव्हतं. मला वाटलं हे आता असंच चालू राहणार.'

हे वाक्य मी अनेक बायकांकडून वेगवेगळ्या शब्दांत ऐकलं आहे. दुखण्याला शेवट दिसत असला की माणूस बरंच सोसतं. काय चाललंय तेच कळत नसलं की शरीर घाबरून आखडतं, अॅड्रिनलिन हे संप्रेरक वाढतं, आणि कळा पुढे नेणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या कामात ते आडवं येऊ शकतं. बाईला माहिती देणं हा कुणी उपकार समजू नये. तो उपचाराचाच भाग आहे.

मग आम्ही कागद घेतला. मी एक आडवी रेघ ओढली आणि म्हटलं, ही दहा मिनिटं. कळा जोरात आल्या की दहा मिनिटांत साधारण तीन-चार येतात, एकेक पाऊण ते एक मिनिटाची. तिने पेनाने तीन जाड ठिपके काढले. 'मधली रेघ कसली?' मी विचारलं. ती बघत राहिली. 'तेव्हा दुखत नाही?' बहुतेकींना तेव्हा कळ उतरलेली असते. पाणी पिता येतं, कूस बदलता येते, कुणाचा तरी हात धरून डोळे मिटून पडता येतं. तिला आतापर्यंत सगळ्यांनी फक्त ठिपकेच सांगितले होते. कळ आली की श्वास लांब, हळू सोडायचा, हेही आम्ही करून पाहिलं. श्वासाने दुखणं जात नाही, पण करायला काहीतरी हातात राहतं.

वेळेचा हिशेबही मांडला. गर्भपिशवीचं तोंड दहा सेंटिमीटर उघडावं लागतं. पहिल्या खेपेला सुरुवातीचे काही सेंटिमीटर रेंगाळतात, कित्येक तास घेतात. पाच सेंटिमीटरनंतर खरा वेग येतो, तरी तिथूनही बारा तासांपर्यंत लागू शकतात. जोर लावायचा टप्पा पहिल्या वेळी तीन तासांपर्यंत जाऊ शकतो. हे ऐकून तिचा चेहरा पडला, पण नवऱ्याचा उजळला! त्याला घोडबंदरच्या ट्रॅफिकने ग्रासलं होतं. पहिल्या बाळंतपणात सहसा इतका वेळ मिळतो की मानपाड्याच्या सिग्नलला बाळ होत नाही, हे त्याला कागदावर दिसलं. मात्र पाणी गेलं, अंगावरून लाल रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर कळांची वाट न बघता निघायचं, हे त्याला मी दोनदा म्हणून दाखवायला लावलं.

सगळ्यात अवघड गेलं ते डॉक्टरांना विचारणं. 'डॉक्टर चिडतील' हे तिच्या डोक्यात पक्कं होतं. म्हणून आम्ही सराव केला. मी डॉक्टर झाले. पहिल्यांदा तिचा आवाज 'तुमची हरकत नसेल तर'च्या पुढे गेलाच नाही. मग प्रश्न कागदावर उतरवले. माझ्याबरोबर कोण थांबू शकेल? आतून तपासण्याआधी मला सांगाल का? तपासल्यावर किती झालं ते सांगाल का? वेदना कमी करायचं पाठीतलं इंजेक्शन रात्रीही मिळेल का, की भूलतज्ज्ञ दिवसाच असतात? कागद वाचून दाखवायला धीटपणा कमी लागतो, हे मी नेहमी सुचवते. डॉक्टर चिडल्या नाहीत. एका बाईला थांबता येईल म्हणाल्या आणि सिस्टरला सांगून त्यांनी दिवसाउजेडी लेबर रूम दाखवली. तिथे पडदा होता, पण आकाशी.

सोबत कोण, हे मला विचारायची वेळच आली नाही. ताईने स्वतःच सांगून टाकलं होतं, 'मी येणार.' आईचा जीव घाबरा होतो, नवरा रक्त बघून गळतो. ताई त्या खोलीतून जाऊन आलेली होती.

एका बाबतीत मात्र मी तिला अडवलं. भीती उतरल्यावर ती दुसऱ्या टोकाला गेली, 'आता मी इंजेक्शनसुद्धा घेणार नाही.' अशी शपथ घेऊ नको म्हटलं. कळा कशा येतील ते आज कुणालाच माहीत नाही.

सव्वा महिना झाल्यावर ती बाळाला घेऊन आली. ताई बरोबर होती. रात्री पाणी गेलं होतं, कळा मात्र नव्हत्या. सकाळी कळा आणायची ड्रिप लावली आणि कळा एकीवर एक यायला लागल्या. 'मॅडम, तुमची ती मधली रेघ फार आखूड झाली होती,' ती म्हणाली. ड्रिपच्या कळा बऱ्याचदा अशाच अंगावर येतात. ताई प्रत्येक कळेला तळहाताच्या टाचेने तिची कंबर दाबून धरत होती. दुपारी पाळी बदलली आणि नवीन सिस्टर फटकन म्हणाली, 'आत्तापासून एवढं? अजून तर बराच वेळ आहे.' मानसीचे हातपाय गळाले. ताई शांतपणे म्हणाली, 'सिस्टर, तपासून तिला किती झालंय तेवढं सांगा ना.' सिस्टरने तपासलं. 'सहा.' पुढच्या खेपेला ती आपणहून सांगायला लागली.

सहानंतर मानसीने इंजेक्शन मागितलं. मिळालं. थोडी झोपली. संध्याकाळी तासाहून जास्त जोर लावून मुलगी झाली, २ किलो ९०० ग्रॅम. टाके पडले.

हे सगळं तिने सरळ सांगितलं आणि मग रडली. दोन गोष्टी सलत होत्या. एक म्हणजे, आत्या बघायला आल्या आणि म्हणाल्या, 'इंजेक्शन घेऊन काय, कुणीही करेल.' दुसरी तिने ताईलाही सांगितली नव्हती. 'बाळ छातीवर ठेवलं तेव्हा मला काहीच वाटलं नाही. नुसती थंडी वाजत होती, दात वाजत होते. मला फक्त पाणी हवं होतं. मी कसली आई?'

आत्यांच्या बोलण्यावर मी फार वेळ घालवला नाही. वेदना कमी करून घेतल्याने बाळंतपण अर्धं होत नाही. दुसऱ्या गोष्टीपाशी आम्ही थांबलो. प्रसूतीनंतर लगेच हुडहुडी भरणं अगदी नेहमीचं आहे. दिवसभर राबलेलं शरीर आधी पाणी मागतं. बाळ बघताक्षणी माया दाटून येते असं आपण गृहीत धरतो, पण पुष्कळ जणींना ती दूध पाजता पाजता, रात्री जागता जागता येते. 'आणि आता?' मी विचारलं. ती म्हणाली, 'शिंकली की तीच दचकते. मग माझ्याकडे बघते.' हे सांगताना तिने बाळाच्या अंगावरचं दुपटं उगाचच सारखं केलं. त्या बाबतीत मला आणखी काही विचारायचं राहिलं नाही.

तरी बाळंतपणानंतरच्या नैराश्याची चाहूल घेणारी दहा प्रश्नांची एडिनबरो प्रश्नावली मी भरून घेतली. बाळंतीण बरी आहे, हे मी गृहीत धरून चालत नाही. पहिल्या आठवड्यात उगाच रडू येणं साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे उदासी टिकली, बाळ झोपलं तरी झोप लागत नसली, लेबर रूम पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येऊन घाम फुटत असला, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला गाठावं. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनवर १४४१६ ला कोणत्याही वेळी फोन करता येतो, तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, किंवा बाळंतीण एकाएकी भलतंच बोलायला लागली, नसलेले आवाज तिला ऐकू यायला लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं आणि तिला एकटीला सोडायचं नाही.

मानसीची गुणसंख्या काळजी करण्याजोगी नव्हती. निघताना ताई मागे रेंगाळली. प्रश्नावलीचा कोरा कागद तिने हातात घेऊन वाचला होता. तिने विचारलं, 'हे इतक्या वर्षांनी पण भरता येतं का?' तो कागद नुकत्याच बाळंत झालेल्यांसाठी असतो, पण बोलायला मुदत नसते, असं मी तिला सांगितलं. पुढच्या आठवड्यापासून ती कळव्याहून एकटी येते.