लो अँगल म्हणजे सत्ता, लाल म्हणजे धोका: हे सगळं पाठ करायचं का?

नका करू पाठ. हे उत्तर मी जरा चिडूनच देतोय, कारण एके काळी मी ते सगळं पाठ केलं होतं आणि त्यामुळे दोन-तीन वर्षं मला एकही सिनेमा धड बघता आला नाही.

तुम्ही लिहिलंय की सिनेमा संपल्यावर बरोबरचे लोक 'काय फ्रेम होती', 'कॅमेऱ्यानेच सगळं सांगून टाकलं' असं बोलतात. तुम्हाला गोष्ट कळते, आवडते, पण कॅमेऱ्याने सांगितलेलं ते नेमकं कुठे होतं हे काही सापडत नाही. म्हणून तुम्ही तक्ते वाचायला घेतलेत: कॅमेरा खालून असेल तर माणूस ताकदवान, वरून असेल तर दुबळा, लाल म्हणजे धोका, निळा म्हणजे उदासी. आणि शेवटी विचारलंय की दिग्दर्शक खरंच एवढा विचार करतात का, की बघणारेच नंतर अर्थ चिकटवतात. मी काही वर्षं एका संकलकाच्या हाताखाली सहायक होतो, त्यामुळे माझं उत्तर एडिटिंगच्या खोलीतलं आहे. कॅमेरामनला विचारलंत तर कदाचित वेगळं सांगेल.

आधी तो तक्ता मोडीत काढू. ऑर्सन वेल्सचा 'सिटिझन केन' (1941) घ्या. निवडणूक हरल्यानंतर सिनेमाचा नायक केन आणि त्याचा जुना मित्र रिकाम्या कचेरीत बोलतात, तो प्रसंग. कॅमेरा इतका खाली ठेवलाय की त्यासाठी सेटची जमीन फोडावी लागली होती. केन पडद्यावर डोंगराएवढा दिसतो. तक्त्याप्रमाणे हा त्याच्या सत्तेचा कळस असायला हवा, पण प्रत्यक्षात त्याचं राजकारण नुकतंच संपलंय, घर मोडलंय आणि आता हा मित्रही दूर जाण्याची भाषा करतोय. मग खालून का? मला विचाराल तर डोक्यावरच्या छतासाठी. त्या काळी स्टुडिओतल्या सेटला बहुधा छत नसायचंच, कारण दिवे आणि माइक वरूनच सोडायचे. इथे पातळ कापडाची छतं ताणून माइक त्यांच्यावर लपवले होते. एवढा मोठा माणूस, आणि त्याच्या डोक्याला जवळजवळ टेकलेलं छत. मोठेपणा आहे, पण त्याला हलायला जागा नाही.

दुसरीकडे जपानचे यासुजिरो ओझू. त्यांचा कॅमेरा बहुतेक वेळा चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेपेक्षाही खाली असतो, सिनेमाभर, सगळ्यांसाठी. म्हातारी आई असो, दुकानदार असो, रिकामी खोली असो. सगळेच सत्ताधीश का? अर्थातच नाही. सगळीकडे तसंच असल्यामुळे पाचेक मिनिटांत ती उंची जाणवेनाशी होते आणि आपण त्या घरात बसून जातो.

तर मला जे म्हणायचंय ते हे: एकट्या शॉटला स्वतःचा असा अर्थ फार थोडा असतो. अर्थ असतो फरकात. सिनेमा सुरुवातीच्या काही मिनिटांत तुम्हाला बघण्याची एक सवय लावतो आणि पुढे योग्य जागी ती मोडतो. मोडल्याचं तुमच्या लक्षात येत नाही, पण काहीतरी झालं हे अंगाला कळतं.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे सिडनी लुमेटचा '12 अँग्री मेन' (1957). बारा ज्युरर (खटल्याचा निकाल ठरवणारे सामान्य नागरिक), उकाड्याचा दिवस, एक खोली. जवळजवळ सगळा सिनेमा त्या खोलीतच घडतो. आता एका खोलीत दीड तास काय दाखवणार? लुमेट आणि त्याचा छायाचित्रकार बोरिस कॉफमन यांनी सिनेमाचे तीन भाग पाडले. पहिल्या भागात कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या वर, दुसऱ्यात पातळीवर, तिसऱ्यात खाली. त्यामुळे शेवटाकडे छत दिसायला लागतं. त्याच्या जोडीला लेन्स हळूहळू लांब होत गेल्या. लांब लेन्स लावून लांबूनच बघितलं की माणूस आणि त्याच्या मागची भिंत यांच्यातलं अंतर आटल्यासारखं दिसतं. म्हणजे खोली तेवढीच, टेबल तेवढंच, पण भिंती सरकत आत येतात. आणि मग निकाल लागतो, माणसं बाहेर पडतात, आणि शेवटचा शॉट उंचावरून, वाइड लेन्सने, म्हणजे जास्त मोठा भाग दाखवणाऱ्या. आपण श्वास सोडतो.

मी हा सिनेमा पहिल्यांदा बघितला तेव्हा यातलं एक अक्षरही मला दिसलं नव्हतं. फक्त तिसऱ्या भागात उगाच खिडकी उघडावीशी वाटली होती. ते वाटणं म्हणजेच 'कॅमेऱ्याने सांगितलेलं'. म्हणजे तुम्हालाही ते कळतंच आहे, फक्त नाव माहीत नाही. बरोबरच्या लोकांना नावं माहीत आहेत, एवढाच फरक असू शकतो. आणि बघा, इथेही कॅमेरा शेवटी खालूनच आहे, केनसारखा. पण इथे प्रश्न एका माणसाच्या मोठेपणाचा नाही, बारा जणांच्या घुसमटीचा आहे.

आता कट, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर जाणं. माझा मुलूख, त्यामुळे जरा रेंगाळतो.

तुम्ही कुलेशोव्हचा प्रयोग ऐकला असेल. रशियन दिग्दर्शक लेव कुलेशोव्हने एका नटाचा निर्विकार चेहरा तीन वेळा वापरला. एकदा सूपच्या वाडग्याशेजारी, एकदा शवपेटीशेजारी, एकदा एका बाईशेजारी. लोकांना त्याच चेहऱ्यात भूक, दुःख आणि ओढ दिसली. हा प्रयोग प्रत्येक पुस्तकात असतो, पण ती फिल्म आज शिल्लक नाही. गोष्ट मुख्यतः त्याचा शिष्य आणि पुढे स्वतः दिग्दर्शक झालेल्या पुडोव्हकिनच्या सांगण्यातून आपल्यापर्यंत आली आहे, तेव्हा प्रेक्षक खरंच किती भारावले होते हे सोडून द्या. पण तत्त्व खरं आहे, हे मी टेबलावर रोज बघायचो.

साधं उदाहरण देतो. एक माणूस दुसऱ्याला विचारतो, 'तू काल कुठे होतास?' दुसरा म्हणतो, 'घरी.' सिनेमा सेकंदाला 24 फ्रेम चालतो. प्रश्न पूर्ण संपल्यावर उत्तर देणाऱ्यावर कट केला तर ती नुसती माहितीची देवाणघेवाण. आता तोच कट 12 फ्रेम आधी घ्या, म्हणजे अर्धा सेकंद. 'कुठे होतास' हे शब्द चालू असतानाच आपण ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जातो. लगेच तो संशयित होतो. नटाने काहीही वेगळं केलेलं नाही, तोच टेक. आणि उलट केलं, म्हणजे 'घरी' हे उत्तर येतं तेव्हाही कॅमेरा विचारणाऱ्यावरच ठेवला, तर प्रसंग विचारणाऱ्याचा होतो: त्याला ते पटलं का, याचा. संवाद तोच, आवाज तोच. त्यामुळे कुठलाही संवाद बघताना एक प्रश्न मनात ठेवा: बोलणारा दिसतोय की ऐकणारा? निम्मा अर्थ तिथे असतो.

एकाच युक्तीचे दोन अर्थ कसे होतात, ते डॉली झूममध्ये छान दिसतं. कॅमेरा मागे जातो आणि त्याच वेळी झूम आत येतो (किंवा याच्या उलट). मधली वस्तू तेवढीच राहते, पण तिच्या मागचं जग ताणलं किंवा आक्रसलं जातं. हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'मध्ये (1958) उंचीला घाबरणारा माणूस जिन्यावरून खाली बघतो तेव्हा ती येते. आपण त्याच्या डोळ्यांनी बघतो आणि आपल्यालाच गरगरतं. स्पीलबर्गच्या 'जॉज'मध्ये (1975) ती किनाऱ्यावर बसलेल्या पोलीस अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर येते, ज्याची भीती होती तो शार्कचा हल्ला समोर घडल्यावर. तिथे गरगरणं नाही, पायाखालची वाळू सरकणं आहे. त्यानंतर ती युक्ती इतक्यांनी वापरली की आता ती दिसली की मला फक्त झूम दिसतो.

रंगांबद्दल फार बोलत नाही. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या कत्तलीवरच्या 'शिंडलर्स लिस्ट'मध्ये (1993) एका लहान मुलीचा लाल कोट लक्षात राहतो तो लाल म्हणजे धोका म्हणून नव्हे, तर भोवतालचं सगळं कृष्णधवल आहे म्हणून. गर्दीतली एक मुलगी आपण आणि नायक दोघंही वेगळी ओळखायला लागतो. पुढे तोच कोट प्रेतांमध्ये पुन्हा दिसतो तेव्हा काही सांगावं लागत नाही. कोट हिरवा असता तरी हे काम बरंचसं झालं असतं, असं माझं मत आहे. रंगाच्या मानसशास्त्रावर प्रेम करणाऱ्यांनी मला माफ करावं.

प्रकाशाचं मात्र मला वेड आहे. 'कागज के फूल'मधला (1959) तो उजेडाचा झोत तुम्ही पाहिलाच असेल: अंधारा रिकामा स्टुडिओ, दोन माणसं, आणि वरून तिरका पडणारा प्रकाशाचा खांब. छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांनी त्यासाठी आरशांनी बाहेरचं ऊन आत आणलं होतं. ती फ्रेम बघून कुणीही 'वा' म्हणेल, म्हणावंच. पण छायाचित्रकार सुब्रत मित्रांनी सत्यजित रायांच्या 'अपराजितो'साठी (1956) जे केलं त्याला कुणी 'वा' म्हणत नाही, आणि मला ते तितकंच मोठं वाटतं. बनारसच्या घराचा अंगणासकटचा सेट स्टुडिओत बांधला होता. अशा घरात उजेड वरच्या मोकळ्या आकाशातून झिरपत येतो, त्याला कडक सावली नसते. नेहमीचे दिवे सरळ लावले असते तर प्रत्येकाच्या पायाशी दोन-तीन सावल्या पडल्या असत्या. मित्रांनी सेटवर पांढरं कापड ताणलं आणि दिव्यांचा उजेड त्यावर आपटून खाली आणला. प्रेक्षकाला काहीच जाणवत नाही. तो फक्त मान्य करतो की हे बनारसमधलं खरं घर आहे, आणि एकदा घर खरं मानलं की पुढे तिथे होणारा मृत्यूही खरा होतो. तेव्हा फ्रेम 'दिसली' नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. कधी कधी न दिसणं हाच तिचा हेतू असतो.

सवय मोडण्याचं मराठीतलं उदाहरण हवं तर 'फँड्री' (2013). शेवट माहीत नसेल तर हा परिच्छेद सोडून पुढे जा. डुक्कर पकडण्याचा तो लांबलचक प्रसंग आठवा: गाव कडेला उभं राहून मजा बघतंय, आणि आपणही कडेलाच आहोत. इतका वेळ आपण डुक्कर पकडायला लावलेल्या मुलाच्या, जब्याच्या बाजूचे आहोत असं स्वतःला समजावत असतो. मग तो दगड भिरकावतो, आणि दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो. सिनेमा तिथेच संपतो. कॅमेऱ्याकडे बघू नये हा नटासाठी पहिला नियम. इथे नुसतं बघितलं नाही, मारलं. आपण गर्दीत उभे होतो हे त्या एका दिशेने कळतं. दगड पडद्याच्या डावीकडून उजवीकडे गेला असता तर तो नुसता रागावलेला मुलगा राहिला असता.

सराव करायचा असेल तर तुम्हाला आवडलेल्या, आधी बघितलेल्या सिनेमातला तीन-चार मिनिटांचा एकच प्रसंग घ्या आणि आवाज बंद करून दोनदा बघा. गोष्ट माहीत असल्यामुळे डोळे मोकळे राहतात. कॅमेरा पहिल्यांदा कधी हलला, पहिला क्लोज-अप कुणाला दिला आणि तोपर्यंत का थांबवला होता, एवढंच बघा. अख्खा सिनेमा असा बघू नका; माझ्यासारखी दोन-तीन वर्षं वाया जातील.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, हे सगळं ठरवून असतं का. लुमेटसारख्यांचं असतं, त्याने स्वतः लिहून ठेवलंय. बाकीच्यांचं सांगतो. आम्ही एक छोटा सिनेमा कापत होतो, बाप आणि मुलीचा. सगळे संवाद क्लोज-अपमध्ये होते. शेवटच्या भांडणात बापाचा क्लोज-अप लावायला घेतला तर फोकस गेलेला, सगळे टेक निकामी. पुन्हा शूट करायला पैसे नव्हते. नाइलाजाने तो अख्खा संवाद वाइडमध्येच ठेवला, दोघं खोलीच्या दोन टोकांना, चेहरे लहान. दिग्दर्शक दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

पहिल्या खेळानंतर एक बाई येऊन म्हणाल्या, 'शेवटी तुम्ही त्यांच्यापासून लांब गेलात ना, तिथे मला कळलं की आता हे दोघं परत जवळ येणार नाहीत.' त्या काही चिकटवत नव्हत्या. तासभर जवळून बघायची सवय आम्हीच लावली होती आणि आम्हीच ती मोडली होती. का मोडली याच्याशी त्यांना काय करायचंय? मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात दिग्दर्शकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाला, 'हो, त्या शॉटवर आम्ही खूप विचार केला.'