जेट बोट घेताय? आधी नदी बघा
जेट म्हणजे पाणी आत ओढून मागे झोत फेकणारं आणि त्यावर बोट ढकलणारं यंत्र. पाणी उथळ, खडकाळ नसेल तर जेट घेऊच नका, साधा पंखाच बरा. जेटमध्ये साधारण 30 टक्के ताकद जाते. 60 हॉर्सपॉवरचं इंजिन हाती जेमतेम 40 देतं. त्यामुळे बोटीला परवानगी असेल तेवढं मोठं इंजिन घ्या. तळ वेल्डिंगचा आणि निदान 3 मिमी जाड हवा, दगड लागणारच. सामानाचं वजन मात्र आवरा. जड बोट पाण्यावर उचलली जात नाही, आणि वीतभर पाण्यातून निघून जायचं ते वेगातच. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, थ्रॉटल (इंजिनाचा वेग वाढवायचा दांडा) सोडला की झोत थांबतो आणि बोट वळतच नाही. घाबरून हात काढायची सवय आधी खोल, मोकळ्या पाण्यात मोडून घ्या. वाळूने इम्पेलरची, म्हणजे जेटच्या आतल्या पाणी ओढणाऱ्या पंख्याची, धार जाते, ती अधूनमधून कानशीने घासत चला.