३८ टक्के साम्य म्हणजे ३८ टक्के चोरी?

संदर्भ द्यायचा राहिला तर चोर ठरेन का, ही धास्ती घेऊन पीएच.डी. करणारे अनेक जण माझ्याकडे येतात. त्यातल्या एक शिक्षिका आठवतात. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) शाळा सांभाळून त्या शिक्षणशास्त्रात मराठीतून प्रबंध लिहीत होत्या. पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचं प्रकरण सॉफ्टवेअरने तपासलं, आधी प्रसिद्ध झालेल्या लेखनाशी साम्य ३८ टक्के निघालं. तेव्हापासून फाइल उघडली की छातीत धडधड. "मॅडम, मुलांना कॉपी करू नका म्हणून सांगते आणि मीच पकडले गेले."

धीर देण्याआधी मी विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्याविषयीचे २०१८ चे नियम त्यांच्यापुढे ठेवले. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० असेल, तर ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून द्यायचं. नोंदणी रद्द होते ती ६० च्या वर. शिवाय श्रेय देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळतात. त्यांनी काहीच वगळलं नव्हतं! आणि हा तर मार्गदर्शकांनाही न दाखवलेला कच्चा खर्डा होता.

मग अहवालातला रंगवलेला भाग एकेक करून पाहिला. बराचसा सूचीचा आणि अवतरणांचा निघाला. काही परिच्छेद मात्र खरोखरच उचललेले होते. जुन्या वहीत पुस्तकातली वाक्यं उतरवली होती, पण अवतरणचिन्हं नाहीत, पान नाही. दोन वर्षांनी ती स्वतःचीच वाटू लागली. इथे मी सौम्य शब्द वापरले नाहीत. दोन शब्द बदलले म्हणून वाक्य आपलं होत नाही, आणि पूर्ण आपल्या शब्दांत मांडलं तरी विचार ज्याचा त्याचं नाव द्यावंच लागतं.

त्यांच्या विभागात संदर्भ देण्याची एपीए पद्धत: कंसात आडनाव आणि वर्ष, शब्दशः अवतरण असेल तर पानही. (भाषा-साहित्यवाले बहुधा एमएलए वापरतात, तिथे आडनाव आणि पान.) महात्मा फुल्यांनी १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगाला दिलेलं निवेदन त्यांनी मुळातून वाचल्यासारखं नोंदवलं होतं. प्रत्यक्षात ते एका अलीकडच्या पुस्तकात वाचलं होतं. अशा वेळी 'अमक्यांच्या ग्रंथात उद्धृत' असं लिहायचं आणि सूचीत तोच ग्रंथ घालायचा. हे ऐकून त्या चकित झाल्या. मुळातलं न वाचल्याची कबुली देणं म्हणजे कमीपणा, असं त्यांना वाटायचं.

खरी अडचण लेखनप्रकाराची होती. प्रकरण शाळेच्या वार्षिक अहवालासारखं झालं होतं: अमुक यांनी हे म्हटलं, तमुक यांनी ते. अहवालात नोंदी चालतात. आढाव्यात अभ्यास एकमेकांसमोर ठेवून आपलं मत द्यावं लागतं. मी वह्या मिटायला लावल्या आणि विचारलं, "यातलं कोणाचं तुम्हाला पटत नाही?" वीस मिनिटं त्या तावातावाने बोलल्या. मोबाइलवर ध्वनिमुद्रण चालूच होतं. नव्या मसुद्याचा बराचसा भाग त्यातून उतरला.

शुद्धलेखन मुद्दाम शेवटी ठेवलं. 'विद्यार्थिकेंद्रित'मधली थि ऱ्हस्व की दीर्घ, यापायी त्यांची अख्खी संध्याकाळ गेली होती. ऱ्हस्वच, पण ते मसुदा संपल्यावर एका बैठकीत तपासता येतं. पुढच्या तपासणीत आकडा ९ आला. आता मार्गदर्शकांशी त्यांचा वाद चाललाय तो निष्कर्षांवरून, आणि त्यात मला पडायचं कारण नाही.