गॅस गिझर टिकटिक करतो पण पेटत नाही, काय करावं? (ग्वाल्हेर)

टिकटिक येतेय ना, मग पाण्याचं प्रेशर ठीक आहे, नाहीतर आवाजच आला नसता (लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांत टाकी जेमतेम डोक्यावरच, तिथे प्रेशर कमी पडायचाच घोळ). आधी सेल बदला, दीड व्होल्टचे मोठे दोन, दोन्ही एकदम. ठिणगी पडते म्हणून सेल चांगलेत असं समजू नका हां, कारण उतरलेल्या सेलवर ठिणगी पडते पण गॅसचा व्हॉल्व उघडायला जोर उरत नाही. तरी नाही पेटला तर सिलिंडर बघा, संपत आला असला तर जानेवारीच्या थंडीत त्याचं प्रेशर अजूनच पडतं. पेटून लगेच विझत असेल तर ज्योत ओळखणाऱ्या सेन्सरच्या दांडीवर काजळी असू शकते, मिस्त्रीकडून साफ करून घ्या. आणि गिझर बाथरूमच्या आत असेल तर आधी तो बाहेर काढा, खिडकी लावून चालवलात तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वासही नसतो.