एकच खाण धर, आणि मोज

बाळा,

तुझा मेसेज वाचला. दोन ओळींत उत्तर देता आलं असतं पण पक्षी बघणं हा विषय माझ्या फार जवळचा आहे म्हणून नीट बसून लिहितेय. तू म्हणतेस इंग्लंडात नॉटिंगहॅमला येऊन तीन महिने झाले, आभाळ कायम राखाडी, पक्षी म्हणजे नुसती बदकं, आपल्या उजनीकाठच्या भिगवणसारखं काहीच नाही. मी तिथे तीन हिवाळे काढलेत आणि पहिला असाच गेला, दर रविवारी नवी जागा, कुठे काही दुर्मिळ आलंय कळलं की बस पकडून पळायचं, तासभर कुडकुडत उभं राहायचं, आणि बऱ्याचदा तो पक्षी आदल्याच दिवशी निघून गेलेला असायचा. यादी वाढली पण त्यातल्या एकाही पक्ष्याबद्दल मला चार वाक्यं सांगता आली नसती, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून सांगते, एकच जागा धर. ॲटनबरोला जा, स्टेशनवरून चालत जाता येतं. ट्रेंट नदीने हजारो वर्षं आणून टाकलेली वाळू-खडी तिथे १९२९ पासून काँक्रीटसाठी खाणी खणून उपसली, उपसा थांबला की जमिनीखालचं पाणी वर आलं आणि खड्ड्यांचे तलाव झाले. १९६६ साली निसर्गावरच्या टीव्ही मालिका करणारे डेव्हिड ॲटनबरो यांच्या हस्ते तिथलं राखीव क्षेत्र सुरू झालं (गावाचं नाव आधीपासून तेच आहे बरं का). माणसाने पोखरलेली जागा पक्ष्यांनी आपली केली, आपल्या उजनीच्या बॅकवॉटरचं तरी दुसरं काय झालंय.

आता पाण्याशी कसं उभं राहायचं ते सांगते कारण हे कोणी सांगत नाही. हिवाळ्यात तिथे सूर्य दिवसभर दक्षिणेला आणि इतका खाली असतो की भर दुपारीही डोळ्यांवर येतो. त्यामुळे तलावाच्या दक्षिण काठावर थांब, उजेड पाठीमागे ठेव, नाहीतर सगळी बदकं काळी दिसतात. आणि हाइडमध्ये, म्हणजे लपून पक्षी बघायच्या आडोशात, गेल्या गेल्या दुर्बीण लावू नकोस, आधी पाच मिनिटं नुसत्या डोळ्यांनी पाणी बघ.

थापट्या बदक बघ. भिगवणला तू शंभर वेळा बघितलाय, होय ना, पण खाताना नीट बघितलायस का? वीस-पंचवीस जण एकत्र येतात, चोची पाण्यात बुडवतात आणि सगळे मिळून गोल गोल फिरायला लागतात, प्रत्येक जण पुढच्याच्या शेपटीमागे, जात्यासारखं ते चक्र हळूहळू फिरत राहतं. पायांनी ढवळलं गेलेलं खालचं बारीक काही वर येतं आणि मागचा ते आपल्या फावड्यासारख्या चोचीतून गाळून घेतो. चोचीच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दात असतात, पक्षी जवळ असेल आणि चोच उघडली तर टेलिस्कोपमधून तेही दिसतात. मी पहिल्यांदा हे पूर्ण बघितलं तेव्हा बोटं बधिर झाली होती तरी जागचं हलवेना. तुझा थापट्या स्कँडिनेव्हिया-रशियाकडून आलेला, आपला सायबेरिया-मध्य आशियातून, पण पक्षी तोच. कपाळावर पांढरा टिळा लावलेला वारकरी पक्षीसुद्धा तोच, छोटा खंड्या तोच, तेव्हा अगदीच परकं वाटून घेऊ नकोस.

शेतांसाठी वेगळा दिवस काढ, नदीपलीकडे बार्टनच्या बाजूला जा, पूल लांब आहे म्हणून दोन्ही एका दिवसात करायला जाऊ नकोस. जिथे लोकांना पायवाटेने जायचा हक्क असतो तिथे शेतातून जाता येतं पण वाट सोडायची नाही आणि फाटक उघडलंस तर मागे लावून घ्यायचं, हे अगदी कसोशीने पाळ. काटेरी हॉथॉर्नच्या कुंपणावर लाल फळं असतील तिथे थांब, फील्डफेअर आणि रेडविंग, म्हणजे उत्तरेकडून आलेले कस्तुर, थव्याने येतात आणि कुंपण संपवून पुढे जातात. मोकळ्या रानात लॅपविंग, आपल्या टिटवीची बहीण, डोक्यावर लांब तुरा. आणि धसकटं कुठे दिसली तर ते शेत मनात नोंदवून ठेव. पूर्वी कापणीनंतर धसकटं हिवाळाभर तशीच राहायची, त्यातल्या सांडलेल्या दाण्यांवर यलोहॅमर, लिनेट असे दाणे टिपणारे छोटे पक्षी जगायचे. आता गहू शरद ऋतूतच पेरतात, धसकटं नांगराखाली जातात आणि हे पक्षी भयंकर कमी झालेत. मला वाटतं तलावावरच्या गर्दीपेक्षा अशा एका शेतातले दहा लिनेट लिहून ठेवणं जास्त गरजेचं आहे.

आणि लिहायचं म्हणजे आकडा लिहायचा. "बरीच बदकं" ही नोंद नाही. दहाचा एक गट डोळ्यांनी पक्का कर आणि मग तो थव्यावर ठेवत ठेवत पुढे जा. काही दिसलं नाही तर शून्य लिही, ते पण लिही, गोठलेल्या पाण्यावरचं शून्य पुढच्या वर्षी फार उपयोगी पडतं. दुसऱ्या हिवाळ्यात तलाव गोठला होता, मला वाटलं आज काही नाही, घरीच जावं, तरी मोजायला थांबले आणि उंच पाणगवताच्या कडेने बर्फावर बिटर्न, म्हणजे बगळ्याच्या कुळातला एक लाजरा पक्षी, बाहेर आला, एकेक पाय उचलून, फुटेल की काय असं चाचपत. एरवी तो त्या गवताच्या आतच असतो.

ब्रिटनमध्ये पाणपक्ष्यांची अशी गणती १९४७ पासून हिवाळ्यात दर महिन्याला चालू आहे, लोक आपापली ठरलेली जागा वर्षानुवर्षं मोजतात. आशियात आपण १९८७ पासून जानेवारीत करतो. यंदा पण आम्ही एका रविवारी जातोय, भिगवणजवळच्या कुंभारगावहून पहाटे होडी घेऊन. त्याच रविवारी तू ॲटनबरोला जा, हातमोजे दोन जोड्या ने आणि चहाचा थर्मास विसरू नकोस. संध्याकाळी मला थापट्यांचा आकडा पाठव, मी आमचा पाठवते.

तुझी
मावशी