साधी सर्दी झाली असेल तर लिंबू-संत्र्याच्या रसानं घरच्या घरी बरी होते का?

तुम्ही लिहिलंय की दोन दिवस नाक वाहतंय, घसा खवखवतोय, ताप नाही. संत्र्याचा रस प्यावा असं तुमचं म्हणणं, तर आंबटानं कफ वाढतो असं आईंचं. तुम्ही कोल्हापूरचेच, आणि माझं इथंच औषधाचं दुकान आहे. मी डॉक्टर नाही, पण पाऊस लागला की हा प्रश्न काउंटरवर रोज येतो, म्हणून लिहितोय.

रसानं सर्दी बरी होत नाही. बरं मात्र वाटतं, आणि साध्या सर्दीत तेवढंच आपल्या हातात असतं. सर्दी करणारे विषाणू दोनशेच्या वर आहेत, त्यात ऱ्हायनोव्हायरस सगळ्यात जास्त वेळा सापडतो. शरीर आठवडा-दहा दिवसांत त्यांना आपलं आपण निस्तरतं.

मग रसाचं एवढं नाव का? कारण 'सी' जीवनसत्त्व. दोन नोबेल मिळवलेले लायनस पॉलिंग यांनी १९७० साली सर्दीवर 'सी' घ्या असं सांगणारं पुस्तक लिहिलं आणि जगभर ते पसरलं. पुढं भरपूर चाचण्या झाल्या. त्या सगळ्या एकत्र तपासणारा कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संशोधन-संस्थेचा २०१३ चा आढावा सांगतो की रोज 'सी'ची गोळी घेणाऱ्या मोठ्या माणसांची सर्दी सरासरी ८ टक्के आणि मुलांची १४ टक्के लवकर आटोपते. म्हणजे मोठ्या माणसाच्या दहा दिवसांच्या सर्दीत पाऊण दिवस वाचला. सर्दी होण्याचं प्रमाण मात्र कमी झालं नाही, आणि नाक वाहायला लागल्यावर गोळी सुरू केली तर खात्रीचा फायदा दिसला नाही. अपवाद होता तो मॅरेथॉन धावणारे, बर्फात स्की करणारे, कडक सरावातले सैनिक यांचा. त्यांच्यात सर्दीचं प्रमाण निम्म्यावर आलं. तालमीत पहाटेपासून घाम गाळणारा पैलवान असाल तर गोष्ट कदाचित वेगळी. रंकाळ्याला एक चक्कर मारून भेळ खाऊन परतणाऱ्यांना ती सवलत नाही.

लिंबाच्या कुळाचा मान आपल्याकडं जुना आहे. अंबाबाईच्या हातातलं म्हाळुंग याच कुळातलं. मान असावाच, पण हिशेबही बघा. एका मध्यम लिंबाच्या रसात 'सी' साधारण १५ ते २० मिलिग्रॅम. मोठ्या माणसाची रोजची गरज, आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार, पुरुषाला ८० आणि बाईला ६५ मिलिग्रॅम. शंभर ग्रॅम पेरूत दोनशेच्या वर असतं. म्हणजे 'सी'च पाहिजे असेल तर कपिलतीर्थ मार्केटमधनं एक पेरू आणा आणि चावून खा. पेरूनं सर्दी होते म्हणून पोरांच्या हातातनं तो काढून घेणारी आणि त्याच पोरांसाठी 'सी'च्या चघळायच्या गोळ्या मागणारी माणसं मी बघतो, गंमत वाटते.

बरं वाटतं ते मुख्यतः ऊबेमुळं. कार्डिफ विद्यापीठात २००८ साली सर्दी झालेल्या तीस जणांवर फळांचं एकच पेय गरम आणि साध्या तापमानाचं असं तपासलं. वाहणारं नाक, शिंका आणि खोकला दोन्हींनी कमी वाटला, पण घशाचं दुखणं, कणकण आणि थकवा यांत आराम दिला तो गरम पेयानंच. वाटीभर पांढऱ्या रश्श्यानं बरं वाटतं त्याचं कारण हेच असावं. तांबड्यानं नाक आणखी वाहतं, ती मिरचीची करामत.

तेव्हा असं करा. कपभर पाण्यात आल्याचा तुकडा ठेचून उकळा, भांडं उतरवा, पिण्याजोगं झालं की मग अर्धं लिंबू पिळा. लिंबू उकळू नका, कडू होतं आणि 'सी'ही उष्णतेनं कमी होतं. चिमूटभर मीठ, वरनं चमचाभर मध. मध नसेल तर आपला गूळ आहेच, पण रात्रीच्या खोकल्यावर मधाला चांगला आधार आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध चाटवायचासुद्धा नाही, बोट्युलिझमचा, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या एका विषबाधेचा, धोका असतो. दिवसातनं दोन-तीन कप पुरे. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्याही करा.

आईंचं म्हणणं पूर्ण उडवून लावू नका. आंबटानं कफ तयार होतो याला आधार नाही, पण घसा सोलवटलेला असताना आंबट झोंबतं आणि खोकल्याची उबळ येते, हे खरं. पातळ आणि कोमट घेतलं तर दोघांचंही समाधान होईल. पित्ताचा त्रास असेल तर रिकाम्या पोटी नको. साखर असणाऱ्यांनी रसाऐवजी अख्खं संत्रं खावं, आणि डब्यातला रस या कामाला कुणीच आणू नये.

आता दुकानदार म्हणून माझ्या कामाचं. शिंकांसाठी फेक्सोफेनाडिन घेत असाल तर ती साध्या पाण्याबरोबरच घ्या. संत्र्याच्या रसाबरोबर ती अंगात नीट शोषली जात नाही, म्हणजे रस पिऊन तुम्ही गोळीच वाया घालवता. कोलेस्टेरॉलच्या किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांचं ग्रेपफ्रूटशी जमत नाही, पपनसाशीही जपूनच. गोळ्या चालू असतील तर आधी विचारून घ्या. सर्दीच्या तयार गोळ्यांत बहुतेक वेळा पॅरासिटामॉल असतंच, वरनं वेगळी पॅरासिटामॉल घेतली की डोस दुप्पट होतो. त्यातलं नाक मोकळं करणारं फिनाइलेफ्रिन रक्तदाबवाल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. क्लोरफेनिरामिन-फिनाइलेफ्रिनचं सर्दीचं जोड-औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच बजावलंय. आणि "दादा, लिंबू पिऊन बघितलं, आता ती तीन गोळ्यांची स्ट्रिप द्या की," असं म्हणत येऊ नका. ते अँटिबायोटिक असतं, विषाणूवर चालत नाही.

दहा दिवसांत उतार पडला नाही, धाप लागली, छातीत दुखलं, कान ठणकला किंवा कमी होत आलेली सर्दी ताप घेऊन परत उलटली, तर डॉक्टरांना दाखवा. पावसाळ्यात अंग मोडून येणारा ताप असेल आणि नाक कोरडं असेल, तर त्याला सर्दी समजून लिंबूपाण्यावर दिवस काढू नका. डेंग्यूही असू शकतो. तपासणी होईपर्यंत अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेऊ नका, पॅरासिटामॉलच घ्या. सीपीआर या आपल्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत रक्त तपासून मिळतं.